रॅलीचा मोसम: पुण्याहून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात मोटारींवर जीव टाकणाऱ्यांची वानवा नाही. चाकण, पिंपरी आणि भोसरी येथे गाड्या व त्यांचे सुटे भाग तयार होतात आणि कट्ट्याकट्ट्यावर इंजिनांच्या गप्पा रंगतात. तरीही रॅली हा खेळ मोसमभर कसा चालतो, हे नीट समजावून सांगणारे कोणी भेटत नाही. मी अकरा मोसम सहचालक म्हणून डाव्या आसनावर बसलो आणि त्यानंतरची काही वर्षे वेळ नोंदवणाऱ्या टेबलामागे काढली. या काळात नातेवाइकांनी, शेजाऱ्यांनी आणि या खेळात उतरू पाहणाऱ्या तरुणांनी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत.

रॅली आणि सर्किटवरची शर्यत यांत फरक काय?

सर्किटवर सगळ्या गाड्या एकाच वेळी सुटतात आणि एकमेकींना मागे टाकतात. रॅलीत प्रत्येक गाडी एकटी सुटते, साधारणपणे एक किंवा दोन मिनिटांच्या अंतराने, आणि तिची स्पर्धा घड्याळाशी असते. वाहतुकीसाठी पूर्ण बंद केलेल्या रस्त्यावर जो वेगाचा भाग असतो त्याला स्पेशल स्टेज म्हणतात. बोलताना आपण त्याला नुसते 'स्टेज' किंवा 'टप्पा' म्हणतो. एका टप्प्यापासून दुसऱ्यापर्यंतचे अंतर मात्र नेहमीच्या रस्त्यावरून, एसटी आणि उसाच्या ट्रॉल्यांच्या मागून, सर्व नियम पाळून कापायचे असते. त्याला ट्रान्सपोर्ट म्हणतात. सर्व टप्प्यांच्या वेळांची बेरीज करून त्यात दंडाची सेकंदे मिळवली की अंतिम वेळ मिळते, आणि ज्याची अंतिम वेळ सर्वांत कमी तो त्या रॅलीचा विजेता. एकाच गाडीत कधी ताशी दीडशेच्या वेगाने तर कधी बैलगाडीच्या मागे शांतपणे जाता आले पाहिजे, आणि दोन्ही वेळा डोके तितकेच थंड ठेवता आले पाहिजे. मला या खेळाचे सर्वांत मोठे आकर्षण हेच वाटते.

'मोसम' म्हणजे नेमके काय, आणि तो कोण भरवतो?

एकाच वर्षात वेगवेगळ्या गावी होणाऱ्या रॅलींची मालिका म्हणजे मोसम. त्यातील प्रत्येक रॅलीला फेरी म्हणतात. भारतातील मोटार क्रीडेचे नियमन एफएमएससीआय हा राष्ट्रीय महासंघ करतो, तर जागतिक पातळीवर एफआयए ही संस्था नियम ठरवते. भारताची राष्ट्रीय रॅली अजिंक्यपद मालिका १९८८ साली सुरू झाली. योगायोगाने एफआयएची आशिया-पॅसिफिक ही प्रादेशिक मालिकाही त्याच वर्षी सुरू झाली.

पुण्याच्या संघासाठी मोसमाचा पहिला अर्थ प्रवास हाच असतो. दक्षिणेकडे रॅलीची परंपरा जुनी असल्यामुळे बऱ्याच फेऱ्या तिकडे होतात. चिकमंगळूरला कॉफीच्या मळ्यांतील रस्त्यांवर टप्पे असतात आणि कोइमतूरजवळ पवनचक्क्यांच्या मधून जाणाऱ्या कच्च्या वाटांवर. चिकमंगळूर पुण्याहून सुमारे सातशे किलोमीटर आहे, कोइमतूर त्याहून बरेच दूर. महाराष्ट्रात नाशिकला राष्ट्रीय मालिकेची फेरी झालेली आहे, आणि त्या वेळी पुण्याच्या संघांना किती हायसे वाटले असेल, याची कल्पना ट्रकवर गाडी लादून दोन दिवस प्रवास केलेल्यालाच यावी.

एखादा चालक दोन फेऱ्या जिंकूनही अजिंक्य का ठरत नाही?

हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण मोसमाचा गाभा त्यातच आहे. गुणांची पद्धत मालिकेनुसार आणि वर्षानुसार बदलते, पण समजण्यासाठी जागतिक मालिकेत २०१० पासून २०२३ पर्यंत रूढ असलेली पद्धत घेऊ: पहिल्याला २५ गुण, दुसऱ्याला १८, तिसऱ्याला १५, आणि त्यानंतर १२, १०, ८, ६, ४, २, १. आता पाच फेऱ्यांचा मोसम धरा. एका चालकाने दोन फेऱ्या जिंकल्या आणि उरलेल्या तिन्हींत त्याची गाडी बंद पडली, तर त्याचे ५० गुण झाले. दुसऱ्याने एकही फेरी जिंकली नाही, पण पाचही वेळा तो तिसरा आला, तर त्याचे ७५ गुण झाले. पहिल्याने तीन फेऱ्या जिंकल्या असत्या तरी तो फक्त बरोबरीला आला असता, आणि मग अधिक विजय कोणाचे या कसोटीवर निर्णय लागला असता.

म्हणून अनुभवी संघ मोसमाच्या सुरुवातीलाच ठरवतो की गाडी शेवटच्या रॅम्पपर्यंत, म्हणजे समारोपाच्या मंचापर्यंत आणायची. टप्प्यावर दगड दिसला तर दोन सेकंदे सोडून द्यायची, टायर वाचवायचे आणि इंजिनाखालची संरक्षक पत्रा, म्हणजे संप गार्ड वाचवायचा. नवख्या चालकाला हे पटत नाही. त्याला प्रत्येक टप्प्याची सर्वांत कमी वेळ आपल्या नावावर हवी असते. अशी पाच-सहा मुले मी पाहिली आहेत. त्यांतल्या ज्यांनी वेग न गमावता गाडी परत आणण्याची सवय लावून घेतली, तीच पुढे टिकली.

एका फेरीचे दिवस कसे जातात?

आधी कागदपत्रांची तपासणी, मग गाडीची स्क्रूटिनी. हेल्मेटवरच्या शिक्क्यापासून अग्निशामकाच्या तारखेपर्यंत सर्व काही तेथे पाहिले जाते. त्यानंतर रेकी, म्हणजे साध्या गाडीतून, घालून दिलेल्या वेगमर्यादेत, बहुधा दोनदा टप्प्यांवरून जाणे. त्यानंतर उद्घाटनाचा रॅम्प आणि प्रत्यक्ष स्पर्धा, जी बहुतेक वेळा दोन दिवस चालते. मधल्या काळात गाडी सर्व्हिस पार्कमध्ये, म्हणजे दुरुस्तीच्या जागी, ठरावीक मिनिटांसाठी येते. गिअरबॉक्स बदलायचा असो की सस्पेन्शनचा वाकलेला आर्म, जे काही करायचे ते त्याच मिनिटांत. रात्री गाडी पार्क फर्मेमध्ये, म्हणजे बंदिस्त जागेत उभी राहते आणि तेथे तिला मेकॅनिकनेही हात लावायचा नसतो.

टाइम कार्ड म्हणजे काय, आणि लवकर पोहोचल्यावरही दंड का होतो?

टाइम कार्ड हा एक साधा जाड कागद असतो. मोसमातील सर्व कष्टांची नोंद त्यावर होते आणि तो सांभाळण्याची जबाबदारी पूर्णपणे सहचालकाची असते. समजा, तुम्ही आधीच्या टप्प्यावरून १०.१७ ला सुटलात आणि पुढच्या टाइम कंट्रोलपर्यंत, म्हणजे वेळ नोंदवण्याच्या ठिकाणापर्यंत, ४३ मिनिटे दिलेली आहेत, तर तुमची वेळ ११.०० झाली. घड्याळाचे चित्र असलेल्या पिवळ्या फलकापासून कंट्रोलची हद्द सुरू होते. गाडीने १०.५९ ला त्या हद्दीत शिरलेले चालते, पण पुढच्या लाल फलकाजवळच्या टेबलावर कार्ड द्यायचे ते ११.०० हेच मिनिट चालू असताना. एफआयएच्या नियमांप्रमाणे उशीर झाला तर प्रत्येक मिनिटाला १० सेकंद दंड असतो, आणि लवकर कार्ड दिले तर प्रत्येक मिनिटाला पूर्ण एक मिनिट.

लवकर येण्याला सहापट दंड का, असे लोक आश्चर्याने विचारतात. कारण सरळ आहे: दिलेल्या वेळेआधी पोहोचण्यात फायदा असता, तर गावातून, शाळेवरून, बाजारातून जाणाऱ्या खुल्या रस्त्यावर कोणीतरी गाडी पळवली असती. हा दंड त्या गावासाठी आहे.

माझ्या तिसऱ्या मोसमात मी हा दंड आमच्या संघावर ओढवून घेतला. आम्ही २२ सेकंदांनी पुढे होतो. आधीच्या टप्प्याचे सुरुवातीचे मिनिट मी घाईत चुकीचे उतरवले, त्यावरून बेरीज केली आणि उन्हात पिवळ्या फलकापुढे थांबलेल्या गाडीतून उतरून टेबलापाशी गेलो. टेबलावरच्या मार्शलने, म्हणजे आयोजकांच्या माणसाने, कार्ड हातात घेतले, माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "नक्की?" मी "नक्की" म्हणालो. त्याने वेळ लिहिली. शाई वाळायच्या आत मला चूक कळली, पण कार्डावर लिहिलेली वेळ ती लिहिलेलीच. एका मिनिटाचा दंड झाला आणि आमची आघाडी संपली. चालकाने सर्व्हिस पार्क येईपर्यंत एक शब्द काढला नाही. तेथे उतरल्यावर त्याने आपल्या मनगटावरचे घड्याळ काढून माझ्या हातात दिले आणि म्हणाला, "उद्यापासून दोन घाल, आणि प्रत्येक बेरीज दोनदा कर." पुढच्या सर्व मोसमांत मी तसेच केले.

सहचालक गाडीत बसून सतत काय वाचत असतो?

पेसनोट्स. रेकीच्या वेळी चालक प्रत्येक वळण आपल्या शब्दांत सांगतो आणि सहचालक ते वहीत लिहितो. दुसऱ्या खेपेला त्याच नोंदी वाचून दुरुस्त केल्या जातात. एक ओळ साधारण अशी असते: "ऐंशी, राइट फोर लाँग, डोन्ट कट, इनटू लेफ्ट टू टाइटन्स." म्हणजे ऐंशी मीटर सरळ, मग मध्यम वेगाचे लांबलचक उजवे वळण, त्याची आतली कड कापू नका कारण तेथे दगड किंवा चर आहे, आणि लगेच पुढे आवळत जाणारे तीव्र डावे वळण. आकडा जितका लहान तितके वळण तीव्र, अशी पद्धत आमच्याकडे होती. काही चालक ती उलटी वापरतात.

आमच्या वहीत इंग्रजी आकड्यांच्या जोडीला मराठी शब्दही असत. 'ओढा' हा दोन अक्षरी शब्द 'वॉटर क्रॉसिंग'पेक्षा लवकर उच्चारून होतो, आणि 'खडी', 'चर', 'बांध' हे शब्द ऐकताच चालकाच्या डोळ्यांपुढे रस्ता उभा राहतो. वाचण्याची वेळ हीच खरी कला आहे. फार आधी सांगितले तर चालक विसरतो आणि उशिरा सांगितले तर वळण येऊन गेलेले असते. त्यामुळे गाडी एका वळणात असताना पुढच्याचे शब्द त्याच्या कानात पडले पाहिजेत. समोरचा रस्ता न पाहता, मान खाली घालून, केवळ पाठीला बसणाऱ्या झोक्यावरून आपण टप्प्यावर कोठे आहोत हे ओळखायला मला दोन मोसम लागले.

नोंदींवर विसंबून वेगाने जाण्याचे एक प्रसिद्ध उदाहरण रॅलीबाहेरचे आहे. १९५५ च्या मिले मिलिया या इटलीतील रस्त्यावरच्या शर्यतीत स्टर्लिंग मॉस यांच्या शेजारी बसलेल्या डेनिस जेन्किन्सन यांनी कागदाच्या लांब गुंडाळीवर मार्ग उतरवला होता, आणि इंजिनाच्या आवाजात बोलणे ऐकू येत नसल्याने ते हातांच्या खुणा करत होते. सुमारे १,६०० किलोमीटरचे अंतर त्यांनी १० तास ७ मिनिटे ४८ सेकंदांत कापले आणि शर्यत जिंकली.

कोणत्या गाड्या असतात? पुण्यात गाडी तयार करता येते का?

गाड्या इंजिनाच्या क्षमतेनुसार आणि केलेल्या बदलांनुसार गटांत विभागल्या जातात. भारतीय रॅलीत मारुती जिप्सीने पिढ्या घडवल्या. १९८५ साली बाजारात आलेली ही चारही चाकांना गती देता येणारी गाडी आजही मातीत दिसते. एस्टीम, बलेनो आणि होंडा सिटी यांचाही मोठा काळ होता. अलीकडच्या वर्षांत फोक्सवॅगन पोलो फार दिसते, आणि ती आपल्या चाकणच्या कारखान्यात तयार झालेली असल्यामुळे चिकमंगळूरच्या चिखलातही तिच्याकडे पाहून घरचे माणूस भेटल्यासारखे वाटते.

गाडी तयार करण्यासाठी पुण्यासारखे शहर नाही, असे माझे मत आहे. कुशल वेल्डर, लेथवर काम करणारे कारागीर आणि पाइप वाकवणारी यंत्रे भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत सहज सापडतात. मात्र रोल केजच्या बाबतीत कोणाच्याही 'चालून जाईल' या शब्दावर विश्वास ठेवू नये. केज म्हणजे गाडी उलटल्यावर छत खाली येऊ न देणारा लोखंडी सांगाडा. त्याचा पाइप शिवणविरहित, कोल्ड ड्रॉन, म्हणजे थंड अवस्थेत ओढून घडवलेल्या पोलादाचाच असला पाहिजे; एफआयएच्या नियमांत मुख्य कमानीसाठी ४५ मिलिमीटर व्यासाचा आणि २.५ मिलिमीटर जाडीचा पाइप सांगितला आहे. शिवण असलेला साधा पाइप रंग लावल्यावर हुबेहूब तसाच दिसतो, पण गाडी कोलांटी घेते तेव्हा तो शिवणीवर उकलू शकतो. म्हणून पाइप कापण्याआधी त्याचे चाचणी प्रमाणपत्र मागून घ्यावे, वेल्डिंगच्या वेळी स्वतः हजर राहावे आणि रंग त्यानंतरच लावावा. खर्च वाचवायचा असेल तर स्टिकरवर वाचवावा. केज, आसन, पट्टे, हेल्मेट आणि मानेला आधार देणारे उपकरण यांत कधीही काटकसर करू नये.

मोसमाच्या एकूण खर्चात लोकांना गाडीची किंमत दिसते, पण संघाला खरे तर टायर, वाहतूक आणि प्रत्येक फेरीनंतरची दुरुस्ती जड जाते. प्रायोजक मिळेपर्यंत बहुतेक संघ मित्रांच्या रजांवर आणि घरच्यांच्या सहनशीलतेवर चालतात.

ताम्हिणी किंवा लवासाच्या रस्त्यावर पहाटे सराव केला तर चालेल का?

नाही. पहाट असली तरी, रस्ता मोकळा दिसत असला तरी नाही. सार्वजनिक जागी राज्य सरकारच्या लेखी संमतीशिवाय शर्यत लावणे किंवा वेगाची चाचणी घेणे हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. पण कायदा बाजूला ठेवला तरी उत्तर तेच राहते. घाटातल्या वळणापलीकडे दूध घेऊन निघालेला मुळशीचा माणूस असतो, पावसाळ्यात कणसे भाजणारी मावशी असते आणि धबधबा पाहायला थांबलेले कुटुंब असते. रॅलीच्या टप्प्यावर यांपैकी कोणीही नसेल याची खात्री करण्यासाठी शेकडो माणसे कित्येक आठवडे काम करतात. ते काम झाल्याशिवाय केलेल्या वेगाला आम्ही रॅली म्हणत नाही, आणि असे करणाऱ्याला आमच्या संघात जागा नव्हती.

प्रेक्षकांनी कोठे उभे राहावे?

वळणाच्या आतल्या बाजूला, रस्त्यापेक्षा उंचावर, आणि मार्शल सांगेल तेथेच. वळणाच्या बाहेरच्या बाजूला कधीही उभे राहू नये, कारण ताबा सुटलेली गाडी तिकडेच जाते. पळून जायला मागे मोकळी वाट नसेल अशी जागाही टाळावी. टप्पा सुरू होण्याआधी ०००, ०० आणि ० असे आकडे लावलेल्या गाड्या रस्ता तपासत जातात. त्या दिसल्या की रस्ता ओलांडणे बंद.

मोकळा वाटणारा टप्पा किती धोकादायक असतो, हे भारताने दुःखाने शिकले आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये राजस्थानात बाडमेर जिल्ह्यात राष्ट्रीय मालिकेची फेरी चालू असताना एक दुचाकी बंद टप्प्यावर आली आणि स्पर्धेतील गाडीच्या धडकेत एकाच कुटुंबातील तिघांचा मृत्यू झाला. ती फेरी रद्द झाली. त्या दिवसानंतर मी जेव्हा जेव्हा शेताच्या पायवाटेवर वाट अडवणारी पट्टी बांधायला उभा राहिलो, तेव्हा नकाशात नसलेली प्रत्येक पायवाट गावातल्या माणसालाच विचारून शोधली. प्रेक्षकाला माझी कळकळीची विनंती आहे की, मार्शलशी हुज्जत घालू नका. तो तुमच्या घरच्यांसाठी तेथे उभा असतो.

टप्प्यावर अपघात झाला तर पुढे काय होते?

प्रत्येक गाडीत लाल त्रिकोण आणि एक फलक असतो, ज्याच्या एका बाजूला 'ओके' आणि दुसऱ्या बाजूला 'एसओएस' लिहिलेले असते. गाडी थांबली आणि दोघे सुखरूप असतील, तर त्रिकोण मागे ठेवून पुढच्या किमान तीन गाड्यांना 'ओके' दाखवायचे. 'एसओएस' दिसले, किंवा अपघातग्रस्त गाडीतून कोणतीच खूण दिसली नाही, तर मागून येणाऱ्या पहिल्या गाडीने स्पर्धा सोडून थांबलेच पाहिजे. तिची वाया गेलेली वेळ नंतर न्याय्य रीतीने भरून दिली जाते.

महिला भाग घेऊ शकतात का?

होय, आणि स्वतंत्र वेळेची सवलत न घेता. १९८१ च्या सान रेमो रॅलीत फ्रान्सच्या मिशेल मूटों यांनी सहचालक फाब्रिझिया पोन्स यांच्यासह विजय मिळवला आणि जागतिक मालिकेची फेरी जिंकणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या. पुढच्याच मोसमात त्या जागतिक क्रमवारीत दुसऱ्या आल्या.

भारतीयांनी बाहेर काय मिळवले आहे?

दिल्लीच्या गौरव गिल यांनी आशिया-पॅसिफिक मालिका २०१३, २०१६ आणि २०१७ अशी तीनदा, स्कोडा फाबिया गाडीतून जिंकली आणि २०१९ साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. न्यूझीलंडच्या गुळगुळीत खडीपासून मलेशियाच्या तेलपामच्या मळ्यांतील चिखलापर्यंत रस्ता बदलत जाणाऱ्या मालिकेत हे साधणे किती अवघड आहे, ते एकाच प्रकारच्या मातीवर शिकलेल्या चालकाला विचारावे. पुण्यापुरते बोलायचे तर संजय टकले यांनी आशियातील रॅलींमध्ये अनेक वर्षे भाग घेतला आणि २०२५ मध्ये सौदी अरेबियात डाकार क्लासिक या जुन्या गाड्यांच्या वाळवंटी रॅलीत उतरून ती पूर्ण केली.

पुण्यात राहून सुरुवात कोठून करावी?

स्वतःची साधी गाडी आणि एक भरवशाचा मित्र असेल तर टीएसडी, म्हणजे टाइम-स्पीड-डिस्टन्स रॅलीपासून. यात वेग नसतो. आयोजक कायदेशीर मर्यादेतील सरासरी वेग देतात, मार्ग रोडबुकमधील, म्हणजे मार्गपुस्तिकेतील, छोट्या आकृत्यांनी दाखवतात, आणि वाटेत लपवलेल्या ठिकाणी तुम्ही ठरलेल्या सेकंदाला पोहोचलात की नाही हे तपासतात. अंतर मोजणे, वेळेचे गणित आणि दोघांचे न भांडता बोलणे, या तीन गोष्टी येथे स्वस्तात शिकता येतात. सहचालक व्हायचे असेल तर यासारखी शाळा नाही. वेगाच्या रॅलीसाठी मात्र वाहन परवान्याखेरीज महासंघाचा स्पर्धा परवाना, वैद्यकीय तपासणी आणि नियमांत बसणारी गाडी व साधने लागतात, आणि हा परवाना चालक व सहचालक दोघांनाही काढावा लागतो.

माझा आग्रह असा की त्याआधी एक तरी फेरी मार्शल म्हणून करावी. अनेक आयोजकांना माणसे हवी असतात आणि ते शिकवूनही घेतात. टोपी, पाणी, दुपारची भाकरी आणि सेकंद दाखवणारे घड्याळ सोबत घ्यावे, आणि रस्ता बंद होण्याच्या बऱ्याच आधी आपल्या जागी पोहोचावे. पहिली गाडी दिसण्यापूर्वी तिचा आवाज दोन डोंगरांमधून येतो, मग धूळ, मग गाडी, आणि ती गेल्यावर बराच वेळ मुरमाचे खडे उताराने घरंगळत राहतात. शेवटचा स्पर्धक गेला असे वाटले तरी जागा सोडू नये. सर्वांत शेवटी टप्पा तपासत जाणारी स्वीपर गाडी येईल, तिच्यातला माणूस हात दाखवील, आणि त्यानंतरच पट्टी सोडून गावकऱ्यांना वाट द्यावी.